खिरणीवर बांधलेले कालीपत्ती चिकूचे कलम : गच्चीवरील सहा वर्षांनंतरचा अभिप्राय

बोरिवलीतील आमच्या इमारतीच्या गच्चीवर एका निळ्या पिंपात कालीपत्ती जातीच्या चिकूचे झाड उभे आहे. जून २०१९ मध्ये मी ते कलम डहाणू तालुक्यातील एका रोपवाटिकेतून ३५० रुपयांना आणले, तेव्हा ते जेमतेम दीड फूट उंच होते आणि त्यावर फूल नव्हते, फळ नव्हते, नजरेत भरावे असे काहीच नव्हते. आज त्याचा शेंडा माझ्या डोक्याच्या वर गेला आहे आणि २०२४ या एका वर्षात त्याने आम्हाला ६३ चिकू दिले. हा अभिप्राय लिहिण्यासाठी मी सहा वर्षे थांबले, कारण फळझाडाचे कलम घरी आणल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्याविषयी मत देण्यात अर्थ नसतो. कलमाचा कस मातीखाली ठरतो आणि तो वर दिसायला दोन-तीन पावसाळे जावे लागतात. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर कलमाला मी साडेचार देईन आणि ज्या पिंपात ते वाढले त्या पिंपाला चार. ज्या रोपवाटिकेतून ते आणले तिचे नाव येथे देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते दुकानाविषयी नाही, मालाविषयी आहे. नेमके काय पाहून कलम घ्यावे हे कळले, तर ते कोणत्याही चांगल्या रोपवाटिकेत मिळू शकते.

या कलमाआधी मी दुसरे एक कलम घेतले होते आणि ते वाया गेले. त्याची हकीकत सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये रस्त्याच्या कडेला कुंड्या मांडून बसलेल्या एका विक्रेत्याकडे मला अडीच फूट उंचीचे चिकूचे झाड दिसले. त्यावर सात फळे लगडलेली होती. मुंबईत राहणाऱ्या माणसाला कुंडीतल्या एवढ्याशा झाडावर खरी फळे दिसली की त्याचे पाऊल पुढे पडत नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचे झाडांचे आणि फुलांचे वार्षिक प्रदर्शन भरते, तेथेही सर्वांत जास्त गर्दी फळांनी भरलेल्या कुंड्यांभोवतीच असते. मी ११०० रुपये मोजून ते झाड घरी आणले. पंधरा दिवसांत तीन फळे गळली, महिन्याभरात उरलेली सुकून देठाला चिकटून राहिली आणि मे महिन्यात वरची पाने पिवळी पडू लागली. जुलैमध्ये मात्र बुंध्यापासून जोमदार हिरवी फूट आली, तेव्हा झाड सावरले असे समजून आम्ही घरातील सर्वांनी आनंद मानला. ती फूट चिकूची नव्हती. पाने आखूड, जाडसर, टोकाला गोल आणि त्या गोलाच्या मध्यभागी बारीक खाच असलेली होती. चिकूचे पान लांबट असते, दोन्ही टोकांना निमुळते होत जाते आणि फांदीच्या शेंड्याशी झुबक्याने येते. वर्षभरात वरचा चिकू पूर्ण वाळला आणि खालून आलेली खिरणी, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले होते ते, तेवढी उरली.

असे का झाले, हे मला दोन वर्षांनी डहाणूला गेल्यावर कळले. चिकूचे कलम परंपरेने खिरणीच्या रोपावर बांधतात. खिरणी ही चिकूच्याच कुळातील. मोह आणि बकुळ हीदेखील त्याच कुळातली. डहाणूच्या बाजूला गुजराती बोलणारे लोक तिला रायण म्हणतात. भेट कलम करताना खिरणीचे रोप पिशवीसकट चिकूच्या मोठ्या झाडाजवळ नेतात किंवा फांदीवर टांगतात, रोपाचा आणि फांदीचा थोडा थोडा भाग तासून दोन्ही एकमेकांना घट्ट बांधतात आणि सांधा जुळल्यावर फांदी मातृवृक्षापासून हळूहळू, दोन-तीन टप्प्यांत कापून वेगळी करतात. म्हणजे तोपर्यंत ती फांदी आईच्या अंगावर पोसलेली असते. त्या फांदीला फळे लागलेली असली तर ती मोठ्या झाडाच्या बळावर लागलेली असतात, खालच्या पिशवीतल्या मूठभर मुळांच्या बळावर नव्हे. सांधा पुरता भरण्याआधीच फांदी तोडली आणि फळे तशीच ठेवून झाड बाजारात आणले, की घेणारा खूश होतो आणि झाड उपाशी मरते. मी घेतलेल्या झाडाच्या सांध्यावर प्लॅस्टिकची पट्टी तशीच होती आणि तिच्यावर लाल माती लिंपलेली होती. ती पट्टी खोडात रुतली होती. त्यात भर म्हणून घरी आणल्यावर मी कुंडी बदलताना सांधा दोन इंच मातीखाली गाडला, म्हणजे खिरणीची फूट कोठून येते आहे हे दिसण्याची सोयही मीच बंद केली.

जून २०१९ च्या पहिल्या आठवड्यात मी विरारहून डहाणूची लोकल पकडली आणि तेथून रिक्षाने घोलवडच्या दिशेने गेले. या पट्ट्यात चिकूच्या वाड्याच वाड्या आहेत. घोलवड येथे १८९८ साली चिकूची लागवड सुरू झाल्याची नोंद कृषिविषयक लेखनात आढळते आणि २०१६ मध्ये डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला हा वृक्ष या किनाऱ्याच्या दमट हवेत इतका रुळला आहे, की तो परका आहे याची आठवणही कोणाला राहिलेली नाही. मुंबईची हवा याहून फारशी वेगळी नाही, तोच समुद्र आणि तोच पाऊस, आणि म्हणूनच गच्चीवर एकच फळझाड लावायचे असेल तर आंब्याच्या आधी चिकूचा विचार करावा असे माझे मत आहे. आंब्याचे अनेक वाण एक वर्ष भरभरून येतात आणि पुढच्या वर्षी दगा देतात, शिवाय मोहोराच्या दिवसांत ढगाळ हवा झाली की तुडतुडे ही कीड आणि भुरी ही बुरशी यांच्यापायी सगळा मोहोर काळा पडतो. चिकू सदाहरित आहे, त्याचा बहर वर्षातून दोनदा येतो आणि एकाच वेळी झाडावर कळी, हरभऱ्याएवढे फळ आणि तयार फळ असे तिन्ही दिसू शकते.

रोपवाटिकेच्या मालकांनी मला फळे लागलेली कलमे दाखवलीच नाहीत. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "ताई, फळ बघून कलम घेऊ नका. सांधा बघा, मग पिशवीचं बूड बघा. फळं घरी गेल्यावर लागतील." त्यांनी एक कलम उचलून माझ्या हातात दिले आणि सांध्यावरून बोट फिरवायला सांगितले. चांगल्या सांध्यावर खुंट (खालचे रोप) आणि कलमकाडी (वर जोडलेली फांदी) यांची साल एकमेकींत मिसळून गेलेली असते, बोटाला किंचित उंचवटा लागतो, पण भेग लागत नाही. सांधा मातीपासून निदान वीतभर वर असावा आणि त्याच्या वरचे व खालचे खोड जवळजवळ सारख्याच जाडीचे असावे. वरचे खोड फार फुगलेले आणि खालचे करंगळीएवढे असेल, तर अन्नरस सांध्यापाशी अडतो आहे असे समजावे. पट्टी काढलेली असावी. सांध्याच्या वर नव्या पानांचे निदान दोन फुटवे येऊन गेलेले असावेत, कारण तीच कलम स्वतःच्या मुळांवर जगत असल्याची खूण असते. पिशवीच्या बुडातून एखादे मूळ डोकावत असेल तर हरकत नाही. मात्र जाड मुळांचे वेटोळे बाहेर आले असेल तर ते झाड पिशवीत फार दिवस अडकले आहे आणि जमिनीत किंवा पिंपात गेल्यावरही ती मुळे गोलगोलच फिरत राहतील.

खिरणीचाच खुंट कशाला हवा, हा प्रश्न मी त्यांना विचारला, कारण बाजारात चिकूची गुटी कलमे, म्हणजे फांदीलाच मुळे फोडून केलेली कलमे, आणि चिकूच्याच बीपासून केलेल्या रोपांवर बांधलेली कलमेही मिळतात आणि ती स्वस्त असतात. खिरणी फार सावकाश वाढते; कलम बांधण्याइतकी, म्हणजे पेन्सिलीएवढी जाड होण्यासाठी तिला दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि तेवढा काळ ती सांभाळायची कोणाची तयारी नसते. पण तिची मुळे चिवट असतात, उन्हाळ्याची ओढ आणि पावसाळ्याचे साचलेले पाणी या दोन्ही गोष्टी ती इतर खुंटांपेक्षा चांगल्या सहन करते. गुटी कलमाला सोटमूळ नसते आणि मुंबईच्या सातव्या मजल्यावरच्या गच्चीवर जून महिन्यातला वारा कसा असतो हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ पासून कायदा आहे. त्यानुसार रोपवाटिकेकडे परवाना असावा लागतो आणि खुंट व कलमकाडी कोठून आणली याची नोंद ठेवावी लागते. परवान्याचा फलक पाहावा, पावतीवर जातीचे नाव आणि खुंट लिहून मागावा. माझ्या पावतीवर "कालीपत्ती, खिरणीवर" एवढे दोनच शब्द लिहिलेले आहेत आणि तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

कालीपत्ती ही जात तिच्या गर्द हिरव्या पानांवरून ओळखली जाते. फळ अंडाकृती, साल पातळ, गर मऊ आणि बिया थोड्या. क्रिकेट बॉल नावाच्या जातीचे फळ मोठे आणि गोल असते, परंतु गोडीत ते कालीपत्तीच्या जवळ येत नाही. ज्यांच्याकडे गच्ची नाही, फक्त मोठी बाल्कनी आहे, त्यांनी तमिळनाडूतील पेरियाकुलमची पीकेएम-१ ही ठेंगणी जात शोधावी. कालीपत्तीचा स्वभाव फांद्या पसरण्याचा आहे आणि तिला बाल्कनीच्या गजांत कोंडणे बरे नव्हे.

कलम लोकलच्या मालडब्यातून उभे धरून आणले. ते आठवडाभर गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात तसेच पिशवीत ठेवले आणि पहिला पाऊस पडून हवा थंड झाल्यावर लावले.

आता पिंपाविषयी. दोनशे लिटरचे जुने निळे पिंप आडवे कापले की शंभर-शंभर लिटरची दोन भांडी होतात. प्रत्येक सुमारे दीड फूट खोल आणि दोन फुटांच्या आसपास रुंद. मला एक पूर्ण पिंप कापून व भोके पाडून ९०० रुपयांना मिळाले. घेताना ते पूर्वी कशासाठी वापरले होते हे विचारलेच पाहिजे, कारण रसायनांची पिंपे कितीही धुतली तरी त्यात खाण्याचे झाड लावू नये; माझ्या पिंपात खाद्यतेल होते आणि त्याचा वास व चिकटा जाईपर्यंत मी ते राखेने तीन वेळा घासले. पिंपाचा मोठा गुण असा, की त्याच्या बाजू सरळ असतात. दर तीन वर्षांनी झाड बाहेर काढून मुळे छाटावी लागतात, तेव्हा तोंडाशी निमुळती होणारी मातीची शोभिवंत कुंडी फोडण्यावाचून इलाज राहत नाही, पिंपातून मात्र कडेने खुरपे फिरवून मातीचा गड्डा अख्खा वर काढता येतो. दोष दोन आहेत. पहिला म्हणजे मार्च ते मे या काळात पश्चिमेचे ऊन थेट लागले की प्लॅस्टिक इतके तापते की कडेची मुळे भाजून निघतात. मी त्या बाजूला ओले गोणपाट गुंडाळते. दुसरा दोष म्हणजे विक्रेते भोके फक्त बुडाला पाडून देतात. बूड लादीला टेकले की ती भोके बुजतात आणि पावसाळ्यात पिंपाचे डबके होते. बुडापासून दोन इंचांवर चारही बाजूंनी मिळून आठ-दहा भोके असावीत आणि पिंप विटांवर उचललेले असावे. या दुसऱ्या दोषासाठीच मी एक गुण कापला आहे.

याच काळात मी शेजारच्या लिंबासाठी कापडी वाढपिशवीही वापरून पाहिली. तिच्यात मुळांना हवा चांगली मिळते, पाणी अडत नाही. परंतु मुंबईच्या उन्हात तिसऱ्या वर्षी तिच्या शिवणी उसवल्या आणि मातीसह झाड हलवणे कठीण झाले. दोन वर्षांसाठी ती उत्तम आहे, चिकूसारख्या दीर्घायुषी झाडासाठी नाही.

ओल्या मातीसह अर्ध्या पिंपाचे वजन सव्वाशे किलोच्या आसपास जाते, म्हणून ते कोठे ठेवायचे हा प्रश्न हौसेवर सोडता येत नाही. आमच्या सोसायटीत सुरुवातीला गळतीच्या भीतीने विरोध झाला आणि तो चुकीचा नव्हता. आम्ही स्थापत्य अभियंत्याला विचारून पिंप खांब आणि तुळई यांच्या वरच्या जागी ठेवले, खाली दोन विटांचा थर देऊन पाणी थेट गच्चीच्या उतारावरून नळीकडे जाईल अशी व्यवस्था केली आणि तसे समितीला लेखी कळवले. गच्चीवर आधीच ओल धरत असेल तर झाड आणण्याआधी तिची दुरुस्ती करावी.

मातीबद्दल थोडक्यात. मुंबईत नर्सरीवाले "लाल माती" म्हणून गोणी देतात, ती एकटी वापरली तर दोन पावसात विटेसारखी घट्ट होते. मी चार भाग लाल माती, तीन भाग चांगले कुजलेले शेणखत, दोन भाग घरच्या ओल्या कचऱ्याचे खत आणि एक भाग जाडसर वाळू घेतली. बुडाशी नारळाच्या सोडणांचा थर दिला आणि पाव किलो निंबोळी पेंड मिसळली. पूर्णपणे कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) वाढवलेले झाड वाऱ्यात उभे राहत नाही. ज्यांना घरच्या कचऱ्याच्या खतावर मोठी फळझाडे वाढतील का अशी शंका वाटते, त्यांनी तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील कचऱ्यावर उभ्या केलेल्या बागेची माहिती मिळवून वाचावी.

पाण्याचा हिशेब ऋतूप्रमाणे बदलतो. एप्रिल-मे महिन्यांत माझ्या झाडाला रोज आठ ते दहा लिटर पाणी सकाळी द्यावे लागते, हिवाळ्यात तेवढेच दोन-तीन दिवसांआड पुरते. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. चिकू पाण्याच्या अभावी सहसा लगेच मरत नाही, तो कळ्या आणि हरभऱ्याएवढी फळे टाकून देतो, त्यामुळे आपली चूक आपल्याला पंधरा दिवसांनी दिसते आणि तोपर्यंत त्या बहराचे नुकसान झालेले असते. कडक उन्हाळ्यात मी मातीवर वाळलेल्या पानांचे चार बोटे जाड आच्छादन ठेवते आणि ते खोडापासून वीतभर दूर राखते.

मुंबईत खरी परीक्षा पावसाळ्यात होते. चार महिन्यांत येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि दिवसेंदिवस पाने सुकत नाहीत. अशा हवेत चिकूच्या फळांवर बुरशी येते, फळे देठापासून कुजून गळतात. हीच फळगळ पालघर जिल्ह्यातील बागायतदारांनाही पावसाळ्यात छळते. पहिल्या फळांच्या वर्षी, म्हणजे २०२२ च्या जुलैमध्ये, माझ्या झाडावरची वीसपैकी अकरा फळे अशी गेली. त्यानंतर मी दर वर्षी जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा जुलैत उघडीप मिळताच एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना यांचे बुरशीनाशक, फवारते. घरच्या एका झाडासाठी एक लिटर पुरते: दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवावे, दहा ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या भांड्यात अर्धा लिटर पाण्यात भिजवून गाळून घ्यावा आणि मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळावे. स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा त्यात क्षणभर बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त आहे, आणखी चुन्याची निवळी घालावी. धातूचे भांडे वापरू नये आणि मिश्रण उरले तरी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. हातमोजे घालावेत. फवारणीआधी तयार फळे उतरवून घ्यावीत आणि नंतर उतरवलेली फळे नीट धुवावीत. गळलेली फळे व पाने पिंपात तशीच कुजू देऊ नयेत, कारण रोग तेथूनच पुन्हा वर चढतो. हे सर्व पाळल्यावर २०२३ पासून पावसाळ्यातील गळ पुष्कळ कमी झाली, थांबली असे मात्र म्हणता येणार नाही, आणि कलमाला पाचपैकी पाच न देण्याचे कारण हेच आहे. खिरणीची मुळे पाणी सोसतात, कालीपत्तीचे फळ सोसत नाही.

किडींचा त्रास त्या मानाने कमी झाला. पाने एकत्र जाळ्यात गुंडाळणारी अळी आणि कळ्या पोखरणारी अळी दर वर्षी थोडीफार दिसते. एकच झाड असल्यामुळे मी जाळी हाताने काढून टाकते. पिठ्या ढेकणांसाठी निंबोळी अर्क आणि साबणाचे सौम्य पाणी पुरते. मुंग्यांची रांग खोडावर दिसली की पिठ्या ढेकूण वर आहेत असे खुशाल समजावे.

सर्वांत कठीण काम पहिल्या दोन वर्षांतले आहे आणि ते हाताने करायचे नसून मनाने करायचे आहे. लावल्यापासून सहा महिन्यांतच, ऐन हिवाळ्यात, झाडाला कळ्या आल्या. त्या मी सर्व खुडल्या. २०२० मध्ये आणि २०२१ च्या अखेरपर्यंत आलेल्या कळ्याही खुडल्या. घरच्या मंडळींना हे रुचले नाही; सासूबाईंनी तर एक फांदी तरी राहू दे असे दोनदा सांगितले. पण कोवळ्या झाडाने फळे धरली की त्याची वाढ खुंटते आणि मग ते जन्मभर खुरटेच राहते, हे रस्त्यावरून आणलेल्या पहिल्या झाडाने मला शिकवले होते. याच काळात खुंटावर फुटणारा खिरणीचा प्रत्येक कोंब नखाने काढून टाकला. सांध्याखालची फूट पहिल्या दोन वर्षांत जवळजवळ दर महिन्याला येते, पुढे ती आपोआप कमी होते.

२०२२ मध्ये नऊ फळे हाती आली, २०२३ मध्ये चौतीस, २०२४ मध्ये त्रेसष्ट. २०२५ च्या जूनमध्ये दुसऱ्यांदा मुळे छाटली, कडेची दोन इंच माती मुळांसह कापून काढली आणि नवी भरली, त्यामुळे त्या वर्षी फळे एकेचाळीसच झाली. मुळे छाटलेल्या वर्षी असे होणारच. फळांचे वजन वाडीतल्या फळांपेक्षा थोडे कमी भरते. गोडी कमी नाही, उलट बाजारात कच्चा उतरवलेला चिकू खाणाऱ्याला पुरा तयार होऊन उतरवलेल्या चिकूची चव निराळीच लागते.

आणि नेमके येथेच बहुतेकांची चूक होते, म्हणून उतरवण्याविषयी सविस्तर लिहिते. चिकूच्या फुलाचे तयार फळ व्हायला सात ते दहा महिने लागतात आणि तयार झालेले फळ झाडावर रंग बदलून काही सांगत नाही. आकार पूर्ण झाला म्हणून उतरवलेला अपुरा चिकू पिकतो खरा, पण तुरट लागतो आणि त्याच्या गरात घट्ट गाठी राहतात. मी तीन गोष्टी पाहते. फळाच्या टोकाला असणारा सुकलेला बारीक काटा बोट लावताच गळून पडतो. सालीवरची तपकिरी भुकटी अंगठ्याने सहज निघते. त्याखाली नखाने हलकासा ओरखडा काढला तर आतून हिरवा रंग न दिसता पिवळसर दिसतो आणि चीक अगदी थोडा येतो. हिरवे दिसले आणि चिकाचा थेंब टपकला तर फळ आणखी दोन-तीन आठवडे ठेवावे. हा चीक म्हणजे तोच पदार्थ, ज्यापासून पूर्वी चघळण्याचा गोंद, म्हणजे च्युइंग गम, तयार करत असत. तो कपड्यांना लागला तर डाग जात नाही. फळ देठासह कात्रीने कापून देठ खाली करून तासभर पाटावर ठेवावे, चीक निथळून जातो. मग धुऊन, पुसून तांदळाच्या डब्यात किंवा कागदात ठेवावे. पाच ते सात दिवसांत ते मऊ होते. कच्चे फळ फ्रिजमध्ये ठेवू नये, ते नीट पिकत नाही. वटवाघळे आणि खारी यांच्यापासून राखण्यासाठी तयार होत आलेल्या फळांना जुन्या ओढणीच्या पिशव्या बांधाव्यात.

सहा वर्षांत कलम, पिंप, माती, खते आणि अभियंत्याची फी मिळून माझा खर्च साडेपाच हजारांच्या घरात गेला. एवढ्या पैशांत बाजारातून कितीतरी जास्त चिकू आले असते, म्हणून बचतीसाठी कोणी हे कलम घेऊ नये. ज्यांच्या गच्चीवर दिवसातून सहा तास थेट ऊन येत नाही त्यांनीही घेऊ नये, सावलीत ते पाने देते आणि फळ देत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी विचार करून घ्यावे, कारण तिसऱ्या वर्षानंतर हे झाड चार माणसांशिवाय जिन्यावरून खाली उतरत नाही.

अर्धे पिंप अजून शिल्लक आहे. येत्या जूनमध्ये मी पुन्हा डहाणूला जाणार आहे आणि त्याच रोपवाटिकेतून दुसऱ्या जातीचे एक कलम आणणार आहे, कारण माझ्या झाडावर फुले येतात त्या मानाने फळे थोडीच धरतात आणि जवळ दुसऱ्या जातीचे झाड असले तर फलधारणा सुधारते असे तेथील मालकांनी सांगितले आहे. या वेळी भोके बाजूंना पाडून घेईन.